मुहूर्त नसलेले दिवस

काचबिंदूत आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं बरंच उशिरापर्यंत राहतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मिस्टरांचा डावा डोळा बराच गेलेला होता आणि उजव्याला सुरुवात झाली होती. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं औषधानं टिकवायचं, तेही टिकेल तितकं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर हे थांबले आणि म्हणाले, "चेंडू दिसतोय तोवर खेळून घेतो." कुणाला काही सांगायचं नाही, हेही तिथंच बजावलं.

तरुणपणी हे कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचे. पन्नाशी उलटल्यावर फुटबॉल कुठला? पण त्यानंतर पुण्यात मुलीच्या सोसायटीत आम्ही पिकलबॉल नावाचा खेळ पाहिला. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा, कमरेइतकं जाळं, हातात लाकडी फळीसारखं पॅडल आणि प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा, भडक पिवळा चेंडू. तो फार जोरात येत नाही. "हा मला दिसंल," हे तिथंच पुटपुटले. मुलीनं दोन पॅडल आणि चेंडू पाठवून दिले.

कोल्हापुरात जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. आधी आमच्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खडूनं रेघा मारल्या. चेंडूच्या टकटकीनं पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडली आणि सोसायटीची बैठक बसली. मग एक टर्फ पाहिलं. कृत्रिम गवतावर हा चेंडू उसळतच नाही, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जागा मिळाली, पण तिथल्या दिव्यांखाली ह्यांना चेंडू सापडेना. "हॉल कोंदट हाय," असं म्हणून बाहेर आले. मी पुढची जागा बघायला लागले.

शेवटी कळंब्याच्या बाजूला एक मंगल कार्यालय मिळालं. मालकालाच या खेळाचं वेड लागलं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये त्यानं रंगानं दोन कोर्टं आखून घेतली होती. फरशी गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, सकाळी भरपूर उजेड. अट एकच: लग्न नसेल त्या दिवशी खेळायचं. त्यामुळे तिथं खेळायला जमणारा आमचा सगळा ग्रुप कॅलेंडर उलटं बघायला शिकला. लोक मुहूर्त शोधतात, आम्ही मुहूर्त नसलेले दिवस शोधायचो. पौष लागला की आमचा हंगाम. आदल्या दिवशी लग्न झालं असेल तर आधी फरशीवरच्या अक्षता झाडायच्या, नाहीतर पाय घसरतो. झाडू माझ्याकडे असे.

तिथं सीट कव्हरचं दुकान चालवणारे एक मामा यायचे. वयानं आमच्याएवढेच, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. खेळ बेताचा, आवाज हॉलभर. पहिल्याच दिवशी ह्यांनी सवयीनं चेंडू पायानं अडवला आणि मामा ओरडले, "अण्णा, लाथ मारायचं सोडा की आता! पेठेत न्हाईसा तुमी!"

"पेठेत असतो तर तुला मैदानात घेतला असता व्हय?" हे म्हणाले. तिथून त्यांचं जमलं.

जाळ्याच्या दोन्ही अंगांना सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतच मारायचा नाही. माझा पाय हमखास तिथं पडायचा. "वैनी, किचनमधनं भाईर या!" मामा ओरडत. एवढ्या वर्षांत असं म्हणणारे तुम्हीच पहिले, असं मी सांगितल्यावर त्यांची बायको बाकावरून इतकी हसली की खेळ थांबवावा लागला.

ह्यांच्या हातून चेंडू सुटला की मामांना चेव यायचा. "अण्णा, चेंडू हाय त्यो, आंबा न्हवं! पडायची वाट काय बघतासा?" हे खूष असत. घरी येऊन प्रत्येक टोमणा मला पुन्हा ऐकवत, मी शेजारी उभी असूनसुद्धा. त्या हॉलमध्ये ते आजारी नव्हते. चुकणारा आणि शिव्या खाणारा एक खेळाडू होते. ते त्यांना हवं होतं, आणि ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं, एवढाच माझा विचार होता. डावी बाजू मी सांभाळायची असं ठरवलं. स्कूटर मी चालवायला लागले. कुणी विचारलं तर हे सांगायचे, कंबर दुखते.

दुसऱ्या पौषात ते झालं. डावीकडून आलेला चेंडू ह्यांच्या अगदी जवळून गेला आणि हे हललेच नाहीत. "झोपलासा काय, अण्णा?" मामा ओरडले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग एक चेंडू मधोमध आला. मी पुढं झाले, आणि त्याच वेळी ह्यांनी पॅडल फिरवलं. माझ्या मनगटावर जोरात बसलं. मी जवळजवळ त्यांच्या खांद्याला लागून उभी होते. चेंडू त्यांच्या डाव्या पायाशी पडला होता आणि हे मान वळवून वळवून तो शोधत होते.

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानंतर त्यांचा प्रत्येक चेंडू ह्यांच्या बरोबर समोर, हळू, उंचावरून यायला लागला. लहान मुलाला द्यावा तसा. त्यांच्या जोडीदारानंही तेच धरलं. आम्ही तो डाव जिंकलो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आमच्यात टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती.

पुढच्या वेळीही तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही. मामा "चांगलं खेळलासा" म्हणत आणि पाण्याची बाटली आपणहून ह्यांच्या हातात देत. त्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते एकदा जरी पूर्वीसारखे ओरडले असते तर बरं झालं असतं, पण तसं मागून कसं घेणार?

त्या तिसऱ्या दिवशी परत येताना रंकाळ्याजवळ सिग्नलला थांबलो होतो. मागून हे म्हणाले, "मामा आजारी हाय का गं?"

"नाही."

"मग हल्ली एकदापण टोमणा मारला न्हाई मला."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं काढून कडेला घेतली आणि सांगितलं, "त्यांना कळलंय."

"तू सांगितलंस?"

"नाही. दिसतंय सगळ्यांना."

हे सीटवर नीट सरकून बसले. मग म्हणाले, "चल घरी. भूक लागलीय."

पुढचा मोकळा दिवस आला तेव्हा मी दोन्ही पॅडल दाराशी काढून ठेवली. हे पेपर डोळ्यांसमोर धरून बसले होते. "तू जा," म्हणाले. मी आग्रह केला नाही. आग्रहानं आले असते तर पुन्हा तसलेच चेंडू खेळावे लागले असते, आणि यावेळी माहीत असताना.

मी गेले. जोडीला मामांची बायको घेतली. मामा सुरुवातीला जपूनच बोलत होते. माझा पाय दोनदा किचनमध्ये पडला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "वैनी, चूलच मांडा की आता तितं!" सगळे हसले. मीही हसले आणि पुढचा चेंडू जाळ्यात मारला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाला मामा?"

मी सगळं सांगितलं, चुलीचंसुद्धा. ते मोठ्यानं हसले. मग विचारलं, "माझं काही विचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी आत शिरले तेव्हा सगळ्यांनी माझ्या मागं दाराकडे बघितलं होतं आणि मग कोर्टाकडे.

"नाही," मी सांगितलं.

"बरं केलं," हे म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस, मी आले की टोमणे ऐकायला मागायचे. मग फक्त कोण जिंकलं एवढं विचारायचे. हल्ली तेही विचारत नाहीत. मी आलेय हे आता पावलांच्या आवाजावरूनच कळतं त्यांना. "आलीस?" म्हणतात, आणि मी "आले" म्हणते.