‘कळवले’ लिहिण्याआधी

“पाठवलं व्हय? बरं. आयकलं कुनी?”

आपा हे विचारायच्या तेव्हा चष्मा कपाळावर ढकललेला असायचा आणि बोट समोरच्याच्या छातीवर रोखलेलं. समोरचा नवा असेल तर म्हणायचा, “मेल गेलाय की.” मग त्याची धडगत नसे.

सांगलीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत आम्ही एकत्र होतो. मी नमुने नोंदवून घ्यायचो, आपा पेशंटना रिपोर्ट मेलने पाठवायच्या. रोज तासगावहून एसटीने यायच्या आणि कंडक्टरशी सुरू झालेलं भांडण खुर्चीत बसेपर्यंत पुरवायच्या. पंखा त्यांना सोसायचा नाही आणि त्यांनी बंद केलेला आम्हाला. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्या शेजारचं टेबल कुणी आपणहून मागत नाही.

बाकीचे आम्ही माऊस फिरवत बसायचो. आपांच्या पडद्यावर नुसता काळा रंग आणि पांढरी अक्षरं. पूर्वी त्या तासगावात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायच्या, ही तिथली सवय. ईमेलमध्ये मजकुराच्या वर काही ओळी असतात. कोणाकडून आला, कोणाला गेला, कधी, कुठल्या वाटेनं. आपण त्या कधी बघत नाही. पाठवलेल्या मेलची प्रत आमच्याकडे राहायची, आपा कमांड टाइप करून तिच्यातल्या या ओळींत स्वतःची एक ओळ घालायच्या.

“मजकूर पेशंटचा. त्याला हात लावायचा न्हाई. आपलं काय आसंल ते वर, कपाळावर,” असं म्हणून स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारायच्या.

त्या ओळी मराठीत असत, पण इंग्रजी अक्षरांत. ‘कळवले. सुनेला. तिने परत म्हणून दाखवले.’ ‘राहिले. फोन लागत नाही, भावाचा नंबर मागितलाय.’ ‘कळवले, पण घाबरलाय, उद्या परत फोन.’ एक कमांड मारली की ‘राहिले’वाले सगळे मेल रांगेनं समोर येत, आणि ती रांग संपल्याशिवाय त्या डबा उघडत नसत. मॅनेजरने स्वच्छतेबद्दल सगळ्यांना मेल धाडला, त्याच्यावर यांची ओळ: ‘वाचले. संडासाला कडी नाही.’ मी तापाची रजा मागितली, त्या मेलवर: ‘ताप नाही. मेव्हण्याची हळद.’

एवढा आटापिटा कशासाठी, ते मला उशिरा कळलं. वडूज भागातल्या कितीतरी पेशंटच्या फॉर्मवर एकच ईमेल पत्ता दिसायचा. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल.

“आरं, त्यो झेरॉक्सवाल्याचा हाय,” आपा म्हणाल्या. “मानसांकडं कुठला आलाय मेल? फॉर्मवर रकाना हाय म्हनून दुकानदाराचा घालत्यात. आपला रिपोर्ट जातोय त्याच्या दुकानात. तितं लग्नाच्या पत्रिका, सातबारे, त्यात पडून ऱ्हातोय. त्यो काय डाक्टर हाय व्हय, उघडून बघायला?”

मग प्रयोगशाळेला मानांकनाची तपासणी लागली. नवीन मॅनेजर म्हणाला, पेशंटला कळवायचा राहिलाय असा एकही रिपोर्ट दिसता कामा नये. आम्हाला वाटलं, बरं झालं, आता फोन करायला माणसं देईल. कसली माणसं!

“तुमच्या त्या कमांडने सगळ्यांवर ‘कळवले’ मारून टाका ना. मिनिटाचं काम आहे.”

“मिनिटाचंच हाय,” आपा म्हणाल्या. “पर मी न्हाई करनार. ‘राहिले’ पुसलं तर कुनाला सांगायचं ऱ्हायलंय, ते मला तरी कसं कळंल?”

“आपण पाठवलंय ना? आपली जबाबदारी संपली.”

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. जबाबदारी संपली! माणसाच्या अंगातला तुकडा काढून घ्यायचा, त्यात काय निघालं ते झेरॉक्सच्या दुकानात टाकायचं आणि हात झटकून चहा प्यायचा. वर त्याला मानांकन.

आपा खाली चहाला गेल्या तेवढ्यात त्याने बाहेरचा एक कॉम्प्युटरवाला बसवून ते करून घेतलं. सगळे ‘राहिले’ पुसले, झाडून सगळ्या मेलवर ‘कळवले’. आपांनी येऊन नेहमीची कमांड मारली, तर समोर काहीच आलं नाही. परत मारली. मग आठवतील तसे फोन लावत सुटल्या. पुष्कळ आठवले. सगळे कसे आठवतील?

एक राहिलाच. वडूजजवळच्या एका बाईंच्या छातीतल्या गाठीचा नमुना गावातल्या शिबिरात घेतला होता. शिबिराचे डॉक्टर निघून गेले, कळवायचं आमच्यावर होतं. बाईंचा मुलगा फौजेत. तो सुट्टीवर आला, कसल्याशा कागदासाठी झेरॉक्सच्या दुकानात गेला, तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, तुझ्या आईचं कायतरी आलंय, लय दिवस झालं. रिपोर्ट वाचून तो आईला घेऊन तडक सांगलीला आला.

मॅनेजरने पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा. ‘कळवले’. आमच्याकडे नोंद आहे.”

मुलगा भडकला. बाई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या, आणि हळूच त्याला म्हणाल्या, “मीच इसरले आसंन व्हय रं?”

मला वाटलं, त्या मॅनेजरची गचांडी धरावी. बाईंच्या अंगात रोग वाढत होता, आणि त्या स्वतःच्या आठवणीला दोष देत होत्या!

आपा उठून काउंटरच्या बाहेर गेल्या. बाईंचा हात धरून म्हणाल्या, “न्हाई मावशी. तुमी न्हाई इसरला. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई. ते लिवलंय ते खोटं हाय.”

भरल्या काउंटरवर, सगळ्यांच्या देखत.

बाईंचं ऑपरेशन झालं. त्या वाचल्या, पण वेळेत आल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं, तसं भागलं नाही.

काउंटरवरच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी वॉचमनने आपांना फाटकातच अडवलं. ‘प्रयोगशाळेची बदनामी’ केली म्हणे. खोटं लिहिणारा केबिनमध्ये, खरं बोलणारी फाटकाबाहेर. मी धावत खाली गेलो. तोंडात शिव्या होत्या.

“आपा, आपन तक्रार करू. मी सही करतो.”

“करू की. पर आधी हे आयक. काल एवढ्या गोंधळात एक फोन ऱ्हायलाय. पलूसचं मास्तर. त्यास्नी कमी आयकू येतंय, तवा लेकीला सांग. डाक्टरकडं आजच न्यायचंय. नुसतं ‘व्हय व्हय’ म्हनली तर सोडू नगंस, परत म्हनून घे.”

“आवं, तुमाला काढलंय हितनं!”

“मला काढलंय. मास्तरांनी काय केलंय?”

आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

मी वर आलो. मॅनेजरच्या केबिनचं दार उघडं होतं. त्याच्या दारातच उभा राहिलो, त्याला नीट ऐकू जाईल असा, आणि पलूसचा नंबर लावला. मास्तरांच्या मुलीने उचलला. मी सगळं सांगितलं. ती “हो, हो” म्हणाली, मग रडायला लागली.

“ताई, परत म्हणून दाखवा,” मी म्हणालो. “सावकाश म्हणा. मी फोन ठेवत नाही.”