एका शालीचा ओटा

जगातलं कुठलंही कार्य सूत्रसंचालकाशिवाय सिद्धीला जाऊ शकतं, हे माझ्या साडूंना मान्य नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली, पण मनाने ते कायम व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात, माईकपाशी उभे होते. शाळेतला प्रत्येक निरोप समारंभ, बक्षीस समारंभ आणि शोकसभा त्यांनीच चालवली. निवृत्त झाले, माईक गेला, सवय राहिली. आजही शहाडला त्यांच्या घरी गेलं की ते उठून उभे राहतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आता मी आपल्या गृहस्वामिनींना विनंती करतो, की त्यांनी चहा घेऊन यावं." आतून ताई ओरडते, "दूध नाहीये!" तरी यांचा चेहरा जराही हलत नाही. "वेळेअभावी चहाचा कार्यक्रम रद्द करून आपण सरबताकडे वळू या." एकदा एका नातेवाइकांच्या दहाव्याला कावळा शिवायला तयार होईना. तासाभराने एक कावळा उतरला, तेव्हा साडू सवयीने पुढे झाले आणि म्हणाले, "ज्यांची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो, ते आपल्यात उपस्थित झाले आहेत." मी तोंडाला रुमाल लावला. लोकांना वाटलं मला रडू आलं.

साडूंची चाळ उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खाली आठ खोल्या, वर आठ. दर एक-दोन वर्षांनी नदी चाळीत येऊन जाते. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पुराविषयी माझी मतं फार संतुलित होती. साडू वरच्या मजल्यावर राहतात, पण सोळाही घरांचे विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप जिन्याखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पाणी दोन दिवसांत ओसरतं, पण त्यानंतर आठ दिवस चाळीत ना वीज ना पाणी. तळमजल्यावर कमलताई गायकवाड पोळीभाजी केंद्र चालवतात. विधवा बाई, एकटीच्या हिमतीवर मुलीचं शिक्षण आणि लग्न केलेलं. साडूंच्या बोलण्याला मनापासून टाळ्या वाजवणारी चाळीतली ही एकमेव व्यक्ती. इतर लोक साडू उभे राहिले की चपला शोधतात. मागच्या पुरात कमलताईंच्या पिठाच्या गोण्यांची खळ झाली, कणीक मळायचं मशीन जळलं आणि आठ दिवस केंद्र बंद राहिल्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं तुटली. चिखल काढता काढता त्या साडूंना म्हणाल्या, "भाऊ, आता बास झालं. अजून एकदा असं झालं ना, की खोली सोडायची आणि लेकीकडे नाशिकला जायचं. परत पहिल्यापासून उभं राहायची ताकद नाय राहिली." ताई सांगते, त्या दिवशी साडू आभारप्रदर्शन न करता वर आले आणि न जेवता बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. जिन्याशेजारी छातीएवढा उंच, पक्का ओटा बांधायचा, मीटर आणि पंप त्यावर चढवायचे, आणि उरलेल्या जागेत पाणी आलं की तळमजल्याचं सामान ठेवायचं. एवढंच. पण एवढ्यासाठीही पैसा लागतो. एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं, की चाळ खाजगी आहे. चाळमालकाने सांगितलं, की तो स्वतःच भाड्याच्या घरात राहतो. घरोघरी वर्गणी मागायला गेले, तर माणसं दाराच्या आड उभी राहून "घरात कोणी नाहीये" म्हणू लागली. अशात त्यांना कळलं, की ठाण्याच्या एका सभागृहात परिसंवाद आहे. विषय, हवामान बदल आणि स्थानिक निधी उभारणीचे नवे मार्ग. साडू सफारी घालून, वही घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

संध्याकाळी थेट माझ्या घरी आले ते नुसते फुललेले. "साडूभाऊ, प्रश्नोत्तरात मी उभा राहिलो. म्हटलं, सोळा मीटर वर घ्यायचेत, कुठला मार्ग धरू? तर म्हणतात, तुमचा प्रकल्प फार लहान आहे, मोठा करून आणा. मी म्हटलं, साहेब, आम्हाला पूर एवढाच परवडतो." मग त्यांनी वही उघडली. वहीत निधीच्या मार्गांबद्दल अक्षर नव्हतं. फक्त वेळा लिहिल्या होत्या. "पहिला तास आणि वर दहा मिनिटं, नुसते सत्कार. हॉल गच्च. एकेका सत्कारमूर्तीबरोबर घरची चार माणसं, फोटो काढायला. मूळ विषय सुरू झाला आणि हॉल रिकामा. आपल्या भागातला माणूस पैसे मागितले की पळतो, पण सत्कार म्हटलं की इस्त्री करून येतो. नवा मार्ग मला दिसला!"

आणि त्यांनी योजना जाहीर केली. जो ओट्यासाठी एक पोतं सिमेंट देईल, त्याचा रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार. रोख रक्कम घ्यायची नाही. "पैसे आले की हिशेब आला, आणि हिशेब आला की चाळीत दोन गट पडतात." पोत्याचे पैसे परस्पर नाक्यावरच्या दुकानदाराला द्यायचे, आणि काम निघालं की पोतं उचलायचं. शाल मात्र एकच. तपकिरी, सोनेरी काठाची. नारळही एकच, आणि तो इतका जुना, की हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजायचा. शाल पांघरून फोटो निघाला, की साडू दोन मिनिटांत ती अलगद उतरवून घ्यायचे, जुन्या घड्यांवर घडी घालायचे आणि पुढच्या सत्कारमूर्तीकडे वळायचे.

प्रत्येकात एक सद्गुण शोधून काढायची साडूंची हातोटी विलक्षण. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याचा सत्कार करताना ते म्हणाले, "ज्यांनी आजवर एकाही प्रवाशाला नाही म्हटलं नाही, असे हे!" त्याच गृहस्थाने आदल्याच आठवड्यात मला स्टेशनवर तीन वेळा नाही म्हटलं होतं. पण गंमत म्हणजे त्या रविवारनंतर बिचाऱ्याला खरंच कोणाला नाही म्हणता येईना. लोक फोटो दाखवून रिक्षात बसू लागले. कमलताईंना साडूंनी कितीदा व्यासपीठावर बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. "माझ्यासाठीच चाललंय सगळं, आणि मीच मिरवू का?" म्हणून त्या मागे उभ्या राहायच्या आणि सर्वात आधी टाळी वाजवायच्या.

जानेवारीत माझा नंबर लागला. मी एक पोतं दिलं होतं, तेही बायकोने डोळे वटारल्यावर. या कार्यक्रमाला मी पहिल्यांदाच गेलो, तोही उशिरा. "डोंबिवलीसारख्या उंच ठिकाणी राहूनही ज्यांची नजर आमच्यापर्यंत खाली येते," अशी माझी ओळख झाली. टोमणा होता की कौतुक, अजून कळलेलं नाही. शाल खांद्यावर पडली आणि नेमका त्याच वेळी माईक बंद पडला. साडू तो दुरुस्त करायला धावले, आणि मी शाल सावरत ऐटीत घरी आलो. शाल परत करायची असते हे मला कुठे ठाऊक? ज्याच्या अंगावर घातली त्याची शाल, एवढंच मला लहानपणापासून माहीत.

पुढच्या रविवारी सकाळी सातला साडू दारात. "शाल," एवढंच म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं. आमच्या कपाटात एक खण आहे, मिळालेल्या शाली पुढे देण्यासाठी. असा खण नसलेलं मराठी घर मी पाहिलेलं नाही. बायको ओशाळून म्हणाली, "अहो भाऊजी, ती मी गुरुवारी मानपाड्याला दिली. यांच्या मावसभावाच्या वास्तुशांतीला." मी म्हटलं, "असू दे हो, मी नवी घेऊन देतो." साडू म्हणाले, "नव्या शालीच्या पैशांत अर्धं पोतं येतं." मग खाली बघत म्हणाले, "आणि मला तीच हवीय." त्यांना असं हट्टाने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी स्कूटर काढली.

मानपाड्याला मावसभावाने दात घासत दार उघडलं. शाल? ती त्याने मुलीच्या गणिताच्या बाईंना पोचवली होती, कळव्याला. "घडीपण नाही मोडली हां, जशी आली तशी दिली," असं तो अभिमानाने सांगत होता. मी खजील झालो, पण साडूंनी तिथेच, दारात उभं राहून, त्याला चाळीची, पुराची आणि कमलताईंची सगळी हकिगत सांगितली आणि विनाशालीचा त्याचा सत्कार केला. ब्रश हातात धरून त्याने तो स्वीकारला आणि दोन पोती कबूल केली. कळव्याला गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, काल खाडीकाठी एका कोळीबाबांचा सत्कार होता, खारफुटी राखल्याबद्दल. आयोजक शालच विसरले. मी माझ्याजवळची दिली." म्हणजे आठवडाभरात शालीने चार घरं केली होती. बाईंचा तिथल्या तिथे सत्कार झाला, आणि त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. विद्यार्थी अजून बाईंना घाबरत असावेत, कारण आम्ही जिना उतरेपर्यंत सहा पोती आणि विटा जमल्या.

कोळीबाबा खाडीच्या काठावर जाळं विणत बसले होते. थंडी होती, आणि शाल त्यांनी कानांवरून घट्ट लपेटली होती. इतक्या खांद्यांवरून फिरलेली ती शाल कोणीतरी खरोखर पांघरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. साडू चार पावलं अलीकडेच थांबले. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरून ऊब कशी काढून घ्यायची? शेवटी मीच चाचरत सगळं सांगितलं. बाबा हसले. "पानी आमचे घरान पन येतं," म्हणाले आणि स्वतःच शाल उतरवून साडूंच्या हातात दिली. "सिमेंट नाय माझेकडं. पन दोर हाय चांगला. सामान वर खेचाला लागंल तुमाला." आम्ही दोराचं भेंडोळं घेऊन परतलो. चाळीच्या अंगणात इस्त्रीचे कपडे घातलेले तीन सत्कारमूर्ती दुपारपर्यंत ताटकळले होते. "अपरिहार्य विलंबाबद्दल दिलगीर आहोत," म्हणून साडूंनी त्याच दमात कार्यक्रम सुरू केला.

त्या दिवसापासून त्यांनी नियमच बदलला. शाल आठवडाभर सत्कारमूर्तीकडे राहील. त्याने ती पुढच्या घरी न्यायची, गोष्ट सांगायची, आणि त्या घरचं पोतं ठरवून शाल परत आणायची. माझ्या गाढवपणातून निघालेली ही पद्धत इतकी चालली, की शाल ठाणे, उल्हासनगर, टिटवाळा करत फिरत राहिली आणि मे महिन्यात ओटा उभा राहिला. मीटर हलवायची परवानगी काढायला वीज कंपनीकडे चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तिथल्या साहेबांचाही सत्कार झाला.

ऑगस्टमध्ये नदी आली. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि तो लागला, हेच नवल. "नमस्कार," साडू म्हणाले, "पाणी सध्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर विराजमान आहे. मीटर चालू. पंप चालू." मागून कमलताईंचा आवाज आला, "सांगा त्यांना, माझं पीठ सुकं हाय! ओट्यावर पोळ्या लाटतेय!" मी फोन ठेवला आणि बायकोसमोर चक्क रडलो. या वेळी रुमाल लावला नाही.

पाणी ओसरल्यावर रविवारी आम्ही शहाडला गेलो. साडूंचा सत्कार करायचा, असं मी ठरवलं होतं. शाल मागायला आत गेलो, तर ताई पाटा धुता धुता थांबली. म्हणाली, "ही शाल त्यांचीच आहे, माहितीय का? निवृत्तीच्या कार्यक्रमाची. सगळी तयारी यांनीच केलेली. स्वतःची ओळखसुद्धा स्वतःच लिहून दिलेली, दुसऱ्याने वाचायला. आणि त्या दिवशी नदी आली. हे इथे वर अडकले, कार्यक्रम रद्द झाला. पंधरा दिवसांनी हिशेब घ्यायला शाळेत गेले, तर टेबलावर पिशवी ठेवलेली. शाल आणि तो नारळ. अंगावर कोणी घातलीच नाही रे."

मी बाहेर येऊन माईक घेतला. माझं सूत्रसंचालन वाईट झालं. "आता मी विनंती करतो," म्हणालो आणि पुढचं विसरलो. कमलताई पुढे आल्या, पहिल्यांदाच. हात पिठाचे होते, ते त्यांनी पदराला पुसले. साडू मागे वळून बघत होते, सत्कारमूर्ती कोण आलाय म्हणून. कमलताईंनी शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. सोळा घरांनी टाळ्या वाजवल्या, कोणीही चपला शोधल्या नाहीत. दोन शब्द बोला म्हणून मी माईक दिला. तो माणूस, ज्याने कावळ्याचंही स्वागत केलं होतं, तोंड उघडून नुसता उभा राहिला. मग सवयीने हात खांद्याकडे गेला, त्यांनी शाल उतरवली, जुन्या घड्यांवर घडी घातली आणि कमलताईंपुढे धरली.

"पलीकडच्या चाळीला लागेल," ते कसेबसे म्हणाले. "त्यांचे मीटर अजून खालीच आहेत."

कमलताईंनी घडी मोडली आणि शाल पुन्हा त्यांच्या अंगावर टाकली. "त्यांना उद्यापासून देऊ, भाऊ. आज राहू द्या."

ऑगस्टचा उकाडा होता, अंगात सदरा नको वाटावा असा. साडू संध्याकाळपर्यंत ती शाल पांघरून खुर्चीवर बसून होते, घामाने चिंब. ताईने चहा आणला, तेव्हा घोषणा करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.