काळकाईच्या हद्दीचे दगड

मामंजी सकाळचा चहा उभ्यानेच घेत. बशी ओट्यावर, कप हातात, आणि स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत फेऱ्या. सासूबाई रोज म्हणायच्या, "अहो, पलटण सुटून चोवीस वर्षं झाली, बसा आता." त्रेचाळीस सालच्या चैत्रात एका सकाळी हेच चाललं होतं आणि मी भाकरी थापत होते, तेवढ्यात दारावर काठीचे दणके बसले. मामंजी दाराशी पोचलेच होते. तिथून शांतपणे वळले आणि परत आत आले. शेवटी सासूबाईंनीच कडी काढली.

दारात वरच्या वाडीतला कोंडिबा गुरव, काळकाईचा पुजारी. तीन कोस अंधारातच उतरून आला होता.

"सुभेदार, दगड चुकलं," तो म्हणाला.

माझे सासरे मानसिंगराव खुटवड पलटणीतून जमादार म्हणून सुटले, पण भोरमध्ये सगळे त्यांना सुभेदारच म्हणत, आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, बसऱ्याकडे तोफांच्या शेजारी तीन वर्षं काढली. परत आल्यावर दोन हंगाम नांगर धरला. तो काही हातात टिकेना. मग गावोगावची वेठ बंद करा म्हणून वाड्यावाड्यांतून पायी फिरले, संस्थानाच्या कौन्सिलात निवडून गेले. तिथंही एका जागी बसून बोलणं नाही. जो बोलत असेल त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहायचे. लोकांना ती तडफ वाटे. बारा वर्षांनी कौन्सिलही सुटलं. वाड्यांतली तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली होती, त्यांना इथंच काम हवं, हे मामंजींच्या डोक्यात बसलं. लढाईमुळे विमानांच्या पत्र्यासाठी लागणारा तांबडा दगड मुंबईची एक कंपनी शोधत होती. तो वरच्या डोंगरात सापडला आणि मामंजी खाणीचे मॅनेजर झाले.

कंपनीच्या कागदात एकच अट त्यांनी घालून घेतली होती: काळकाईची राई सोडून खणायचं. त्या राईत कुणी कोयता नेत नाही, पडलेलं लाकूडसुद्धा उचलत नाही. पण राईची हद्द कागदावर कधीच नव्हती. देवळात ढोल वाजवायचा आणि बाहेर चालत सुटायचं. जिथं ढोल ऐकू येईनासा होतो तिथवर राई, ही वाडीची रीत. फाल्गुनात मामंजी स्वतः पुढे चालले, मागे वाडीची पाच माणसं. चारी दिशांना दगड रोवले. पहिला सुरुंग उद्या लागायचा होता.

कोंडिबा पडवीत टेकला. "काल म्या पुन्यांदा मोजलं. वाडीतला सावळाराम ढोल वाजवीत व्हता. तुमच्या दगडाच्या फुडं ऐंशी पावलं ऐकू येतंय. पान्याचा झरा तुमच्या दगडाच्या भाईर ऱ्हायलाय. सुरुंग लागला की झरा फुटला. मग वाडीनं प्यायचं काय?"

मामंजी त्याच्या तोंडाकडे टक लावून होते. "त्या दिवशी का नाही बोललात? पाच जण होता!"

"तुमी थांबला तितं आमी थांबलो. म्हटलं, सुभेदारानला आमच्यापरीस जादा कळतंय. कौन्सिलात गेल्यालं मानूस."

"बरं कळतंय!" सासूबाई म्हणाल्या. "इथं हाका मारून माझा घसा बसतो, अन् हे विचारतात, काही म्हणालीस का."

कोंडिबाला हसू आलं, पण मामंजींकडे पाहून त्यानं ते गिळलं. मला हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. उजवीकडून बोललं की उत्तर येई, डावीकडून बोललं की नुसती मान हले. अलीकडे उजवीकडूनही दोनदा सांगावं लागे. पण बहिरेपण हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे.

मामंजींच्या फेऱ्या वाढल्या. पडवी, अंगण, पुन्हा पडवी. "कंपनीचा साहेब दहाच्या मोटारीनं येतोय," ते म्हणाले. "बहिरा माणूस सुरुंगावर कोण ठेवील? इशाऱ्याची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही म्हणेल. आणि ते बरोबरच आहे."

"मग सांगूच नका त्येला," कोंडिबा घाईनं म्हणाला. "आमी रातीत दगड हलवतो. कुनाला पत्ता न्हाई लागायचा."

"चोरून? मी रोवलेले दगड?" मामंजी गरजले. चुलीजवळ मांजर दचकलं. "साहेबाला मोटारीतून तसाच वर न्यायचा. त्याच्यासमोर मोजू. मॅनेजरचा कान गेलाय, तेही त्याला मीच सांगेन. जा, ढोल बांधून ठेव."

"आमी पाची जन येतोच की फुडं."

"तुम्ही नकोत. मी थांबलो की तुम्ही थांबणार."

कोंडिबा काठी घेऊन उठला. मामंजींनी कप ठेवला, माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं, क्षणभर घुटमळले. सासऱ्यांच्या अंगाला सुनेनं बोट लावायचं नसतं अशा घरात मी नांदत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर चाला. ढोल ऐकू यायचा बंद झाला, की माझ्या खांद्यावर हात ठेवा. त्याच्या आधी मी थांबलो, तर मला पुढं ढकला."