साचेवाल्यांची दाद

आमच्या मामंजींशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलावं लागे. मागून हाक मारली तर ते ओ देत नसत. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे साचेवाले म्हणत, आणि साचेवाल्यांना भारी गुर्मी आहे, असंही म्हणत. गुर्मी कसली डोंबलाची! गिरणीत साच्यांच्या खडखडाटात कापड विणता विणता माणसाचे कान गेले होते. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी ते ताडलं. कुकरच्या शिट्टीवर शिट्टी होत होती आणि शेजारी बसलेले मामंजी पेपरातून मान वर काढत नव्हते.

साचेखात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचत. संपात गिरणी गेली, ती विद्या मात्र मामंजींकडे राहिली. गॅलरीत उभे राहून ते मला समोरच्या चाळीतली भांडणं सांगायचे, अगदी शब्दाला शब्द. मी पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायचे. हळूहळू थोडंफार मलाही जमायला लागलं. एकदाच काय ते गंभीर झाले. म्हणाले, "शैलाला कळता कामा नये, सूनबाई. कळलं तर पोर माझे कान होऊन इथेच बसेल."

शैला माझी नणंद, संपाच्या वर्षी जन्मलेली. खोताच्या वाडीत एका बाईंकडे टायपिंग शिकायला गेली आणि त्यांच्या पियानोपाशीच रमली. पुढे ऑपेरा करणाऱ्या मंडळींच्या कोरसमध्ये गायला लागली. ऑपेरा म्हणजे त्या लोकांचं संगीत नाटक, पण साधं बोलणंसुद्धा गाऊनच. घरी ती रियाजाला बसली की मामंजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि शेवटी म्हणत, "आज आवाज छान लागलाय." ती खूश व्हायची. मी मोरीत भांडी घासत जीव मुठीत धरून असायचे.

मग त्या मंडळींनी तिला दोन वर्षांसाठी परदेशी बोलावलं. बाबा हो म्हणाले तरच जाईन, असं तिने सांगून टाकलं. त्याच आठवड्यात त्यांचा फोर्टातला खेळ परळच्या मैदानात मोठ्या पडद्यावर थेट दाखवणार होते, सगळ्यांना फुकट. दुसऱ्या अंकात चार ओळी शैला एकटी गाणार होती.

मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच जाऊन बसले. भाषा मैदानात कुणालाच कळत नव्हती, तेवढ्यापुरते आम्ही सगळे बरोबरीचे. पण उद्या पोरगी कसं झालं म्हणून विचारणार, तेव्हा हे काय सांगणार?

शैला पडद्यावर आली आणि नेमका आवाज गेला. तोंडं हलतायत, ऐकू काहीच नाही. मैदानभर आरडाओरडा, शिट्ट्या. मामंजी मात्र मांडीवर ताल धरून बसलेले. त्या चार ओळी त्यांना तिच्या ओठांवरून पाठ होत्या. त्या संपल्या तसे ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, अख्ख्या मैदानात एकटेच. मागची पोरं खिदळली. मी शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. डोळे पुसत म्हणाले, "एकदासुद्धा चुकली नाही गो."

आवाज गेला होता, हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून माझा धीर झाला नाही. सकाळी सांगू म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी मी दूध तापवते आहे तोवर शैला त्यांच्यासमोर जाऊन बसलीसुद्धा. मैदानातला आवाज गेल्याचं तिला थिएटरातच कळलं होतं, हे मला मागाहून समजलं.

"कसं झालं, बाबा?"

"अगं, काय आवाज लागला होता! पार फाटकापर्यंत खणखणीत."

मी गॅस बंद करून पुढे झाले. शैलाने केस कानामागे सारले, तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं आणि काहीतरी विचारलं. मी दोन हातांवर उभी होते, पण मला ऐकू काहीच आलं नाही. नुसते ओठ हलले होते: मी जाऊ, बाबा?

"जा की," मामंजी लगेच म्हणाले. "इथे सूनबाई आहे."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ही पोर बापाशी बोलताना नेहमीच केस मागे सारून उजेडात बसायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं मी एकटीच शहाणी समजत होते स्वतःला.

शैला गेली. तिचा फोन आला की ती कधीच "बाबांना दे" म्हणाली नाही. म्हणायची, "वहिनी, समोर उभी राहून सांग त्यांना." मी सांगायचे. पुढच्याच वर्षी मामंजी गेले, पण तोवर दर फोननंतर ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, "बघ, कळू दिलं का तिला?"

मी त्यांच्यासमोर उभी राहून, नीट तोंड उघडून म्हणायचे, "नाही हो मामंजी, कळलं नाही."