कांद्याचा लिलाव आणि आमचा दुसरा अल्बम

आमच्या पंक रॉक बँडचा पहिला अल्बम थोड्याच लोकांनी ऐकला, पण ज्यांनी ऐकला त्यांनी कौतुक केलं. त्यामुळे दुसरा आला तेव्हा आम्ही तिघंही जरा हवेत होतो. मी बास वाजवायचो. ड्रमर नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा. गाणं आणि गिटार सांभाळणारी आमची मैत्रीण मूळची चांदवडची, नाशकात बँकेत नोकरीला.

पहिलं परीक्षण एका वेबसाइटवर आलं. कॉलेज रोडला चहा पिताना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. समीक्षकाने लिहिलं होतं, पहिल्या अल्बममधल्या रागाचा इथे नुसता गोंगाट झालाय आणि गायिका कांद्याचा लिलाव पुकारल्यासारखी ओरडते.

ड्रमर भडकला. ती मात्र हसत सुटली, इतकी की चहा हिंदकळला.

"माझे वडील तेच करतात," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. रविवारी लिलाव बंद, म्हणून ती आम्हाला चांदवडला घरी घेऊन गेली. वडिलांनी चष्मा लावून परीक्षण दोनदा वाचलं, मग मोबाइलवर तीन गाणी ऐकली.

"आवाज लय भारी हाय," ते म्हणाले. "पण तू काय म्हणती, ते नाय कळलं."

"पंक असंच असतं, आबा."

"असंल. पण माझा आकडा रांगेतल्या शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याला नाय कळला, तर तो भांडायलाच येतो."

त्यांनी तिला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि स्वतः ओट्यावर बसले. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, श्वास आधी भरून घ्यायचा, एवढंच सांगितलं. ओळ होती, 'माझी सुट्टी परत द्या'. ड्रमरनेच लिहिलेली. चौथ्या-पाचव्या खेपेला समोरच्या घरातल्या मावशी बाहेर आल्या.

"कुणी घेतली गं तुझी सुट्टी?"

आबांनी समाधानाने मान हलवली.

पुढचा कार्यक्रम गंगापूर रोडच्या एका कॅफेत होता. साठेक माणसं असतील. तिसऱ्या गाण्याला लोक तीच ओळ आमच्याबरोबर ओरडायला लागले. ड्रमर इतका गडबडला की त्याचा ठेका चुकला आणि आम्हाला गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. कुणाचीच तक्रार नव्हती.

महिन्याभराने दुसरं परीक्षण आलं. हा समीक्षक त्या दिवशी कॅफेत होता. अल्बममध्ये शब्द हरवलेत, पण समोर बसून ऐकताना एकही सुटत नाही, असं त्याने लिहिलं. त्याचं बरोबर होतं. ते रेकॉर्डिंग आता आम्हालाही फारसं ऐकवत नाही. गाणी मात्र अजून दर कार्यक्रमात वाजवतो, आणि मजा येते.