आठ की बी?

कॉम्प्युटर सारखा मध्येच बंद पडू लागला याचं मोठीला फारसं काही वाटलं नव्हतं. तो आता धाकटीकडून नीट करून घ्यावा लागणार, या विचारानंच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

अहो, घरात कॉम्प्युटर आणला कुणी? मोठीनं. खिडकीपाशी टेबल टाकून बारा वर्षं लोकांचे प्रबंध टाइप केले कुणी? मोठीनंच. धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता, तेही हिनंच हात धरून शिकवलं. आणि आता घरात एकच पालुपद, "धाकटीला विचारा!" सासूबाईंना ऐकू कमी येई, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, धाकटीचं कौतुक मात्र त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू जाई. काल तर दीर म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर आमच्या खोलीत हलवू या का? ही बघेल त्याचं."

बघेल म्हणे! मोठीच्या काळजात चर्र झालं. ते टेबल गेलं तर या घरात तिचं म्हणून उरतं काय?

म्हणून आज सकाळी ती स्वतःच सिस्टीम नव्यानं टाकायला बसली. आधी सगळे प्रबंध पेन ड्राइव्हवर काढून घेतले. दोन तासांत जुनं पुसलं, नवं चढलं. मग पडद्यावर आलं, सिस्टीम चालू ठेवायची तर पंचवीस अक्षर-आकड्यांची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, टाका.

ही की कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या स्टिकरवर होती. तिनं डबा वळवला आणि कपाळावर हात मारला. स्टिकर पांढराफटक! रोज ओल्या फडक्यानं पुसून पुसून तिनंच तो कोरा केला होता. टापटिपीचं वेड असं अंगाशी आलं.

"ताई, ही घ्या." दारात धाकटी उभी, हातात एक जुनी वही. "पहिल्या दिवशी तुम्हीच लिहून दिली होतीत. म्हणालात, आधी की जपून ठेवायची, मग बाकीचं शिकायचं."

मोठीनं वही जवळजवळ हिसकावलीच. की टाकली. चूक. पुन्हा टाकली. पुन्हा चूक.

धाकटी हळूच वाकली. "ताई, ते आठ नाही, बी आहे."

"माझं अक्षर मला कळत नाही होय?"

"तुमचा बी आठासारखाच येतो."

मोठीनं आठ खोडला आणि बीचं बटण असं दाबलं की टेबल हललं. सिस्टीम सुरू झाली. आनंद व्हायला हवा होता, पण मेला तो कुठे होतोय! स्वतःचं अक्षरसुद्धा हिच्याकडून वाचून घ्यायचं?

आतून सासूबाईंनी विचारलं, "झाला का गं सुरू? कुणी केला?"

"ताईंनी!" धाकटी मोठ्यांदा ओरडली.

मोठीला ते सगळ्यात जास्त झोंबलं. म्हणजे मोठं मनही हिनंच दाखवायचं! ती ताडकन उठली, दारापर्यंत गेली.

"आई, तिनं केला," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?" सासूबाईंनी कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं."

मोठी दुसऱ्यांदा न सांगताच वळली. मग येऊन आपल्या टेबलाशी बसली.