नथ्थू मास्तरांचा सातवीचा वर्ग

नथ्थू मास्तर मूळचे ब्राह्मणपुरीचे, खाऊनपिऊन सुखी अशा पाटलाच्या घरातले. भावांनी कापूस पिकवला, यांनी लोकांची पोरं वाढवली. सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात लोकल बोर्डाची सातवीपर्यंतची शाळा होती. तिथे ते हेडमास्तर म्हणून आले आणि बदली मागायचं विसरूनच गेले. राग कायम नाकावर. आवाज असा की चालता बैल जागच्या जागी थांबावा. पोरं त्यांना चळाचळा कापत आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याच ओट्यावर येऊन भाकर खात.

ही गोष्ट इंग्रजी अमलातली, एकोणीसशे छत्तीसच्या आसपासची. शाळेत पुढच्या रांगेत गुजर पाटलांची पोरं, एखाददुसरं वाण्याचं. मागच्या रांगेत डोंगरावरून उतरलेली पावरा आणि भिल्ल पोरं. पुढची घरी गुजरी नाहीतर अहिराणी बोलत, मागची पावरी नाहीतर भिली, आणि पुस्तक बोले पुण्याचं मराठी. पुढच्यांना ते निदान पाहुण्यासारखं ओळखीचं वाटे, मागच्यांना अगदीच परकं. त्यात मोहाची फुलं पडायला लागली की वेचायला घरी हात कमी पडत आणि मागची रांग ओस पडे. मग परीक्षेत व्हायचं तेच होई.

डिप्टीसाहेब दरवर्षी शाळा तपासायला येत, चहा पीत आणि जाता जाता तेच वाक्य टाकत, "मास्तर, तुमची डोंगराची पोरं पटावर दिसतात, निकालात दिसत नाहीत." मास्तर वरवर हसत. पण वाक्य जिव्हारी लागलेलं असे. मास्तरांची बायको दगूबाई सांगे की डिप्टी येऊन गेला की या माणसाला चार दिवस जेवण गोड लागत नाही. त्या मागच्या रांगेतला एक तरी सातवीची फायनल पास व्हावा, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

आणि भीमसिंग सातवीपर्यंत पोचला. पावऱ्याचा पोरगा, मिसरूड फुटलेला, बोलायला कंजूस, गणितात तल्लख आणि कवितेच्या नावानं बोंब. डोंगरातून रोजचं येणंजाणं जमेना म्हणून मास्तरांनी त्याला हिवाळाभर घरीच ठेवून घेतला. सुरुवातीला दगूबाई त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओती. तेव्हा तशीच रीत होती, आणि रीत वाईट होती. पुढे ती तांब्याच त्याच्या हातात देऊ लागली. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

परीक्षा शहाद्याला, ऐन होळीच्या दिवसांत आली. परीक्षा तोंडावर असताना भीमसिंग घरी म्हणून गेला तो परतलाच नाही. "मोह वेचत बसला असेल गाढव," असं पुटपुटत मास्तर स्वतः डोंगर चढले.

मोह नव्हता. भीमसिंग बुध्या झाला होता. होळीला नवस फेडणाऱ्याला तिकडे बुध्या म्हणतात. अंगभर राख, त्यावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरांची माळ. नवस पुरा होईपर्यंत अंघोळ नाही, खाटेवर की खुर्चीवर बसणं नाही, कमरेची माळ सोडणं नाही. मास्तरांनी परीक्षेचा अर्ज भरताना सगळं विचारलं होतं, एवढंच विचारलं नव्हतं.

मास्तरांनी त्याच्या आईला, फुलीबाईला, समजावून पाहिलं. "फुलीबाई, पोऱ्यानी वरीसभरनी मेहनत शे. नवस पुढली होळीले फेडा."

फुलीबाई बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "गुरुजी, पावसाळामा मी मराले टेकेल व्हतू. ह्या पोऱ्याना नवसवर वाचनू. आते देवले काय सांगू?"

 समोर बाई धडधाकट उभी होती. तेवढ्यात भीमसिंग शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "गुरुजी, मी येईन. पण असाच येईन."

असाच आला. बैलगाडीत बसणं त्याला चालेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो चालत निघाला. थोड्या वेळानं मास्तरही गाडीतून उतरून त्याच्यासोबत चालू लागले.

शहाद्याला परीक्षेच्या दारात तिथल्या परीक्षक साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हटलं, "हे सोंग बाहेर ठेवा." उभ्या जन्मात कोणापुढे न वाकलेल्या मास्तरांनी हात जोडले. साहेब तसा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बसू द्या ओसरीवर, जमिनीवर. पण घुंगरू वाजलं की उठवणार. आत इतर मुलं आहेत."

माळ सोडता येत नव्हती आणि श्वास घेतला तरी ती वाजत होती. मास्तरांनी डोक्याचा फेटा उतरवला, पोराच्या कमरेला घट्ट गुंडाळला आणि एकेक घुंगरू कापडात दाबून बसवलं. "आता लिही," म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले.

भीमसिंग पास झाला. कवितेत काठावर, पण झाला. पुढच्या खेपेला डिप्टीसाहेब चहा पिऊन मुकाट्यानं गेले. पुढे भीमसिंग स्वतः मास्तर झाला आणि त्याच्या वर्गात मागची रांग म्हणून राहिली नाही. पण खरी सांगायची ती परीक्षेच्या त्या सकाळची गोष्ट.

त्या काळात भर बाजारात उघड्या डोक्यानं उभा राहिलेला माणूस म्हणजे घरात कोणीतरी गेलेलं. दुकानदार चुनीलाल मास्तरांना ओळखत होता. तो लगबगीनं खाली उतरला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "मास्तर, घरमा कोन गयं?"

"कोनी नही," मास्तर म्हणाले. "मन्हा पोऱ्या परीक्षाले बठेल शे."

चुनीलालला ठाऊक होतं की मास्तरांच्या पदरी मूलबाळ नव्हतं. त्यानं समोर पाहत विचारलं, "कोनता?"

मास्तरांनी ओसरीकडे बोट केलं. "तो. राख फासेल शे ना, तो."